मेस विष्णुपुरीत, जाहिरात दिसते कुठे?

तुम्ही मोबाइलवर बातमी उघडता. पान लोड होईपर्यंत, साधारण १०० मिलिसेकंदांत, त्यातल्या जाहिरातीच्या जागेचा लिलाव उरकलेला असतो. जाहिरातदाराच्या वतीने बोली लावतो तो रिअल-टाइम बिडिंग प्लॅटफॉर्म.

विष्णुपुरीत विद्यापीठ, अभियांत्रिकी आणि शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. इथल्या मेसवाल्याने प्लॅटफॉर्म कोणता घ्यावा?

हजार वेळा दिसण्याचा दर सगळेच स्वस्त सांगतात. खरी मेख मधल्या हातांची. ब्रिटनमधल्या जाहिरातदारांच्या 'इस्बा' संघटनेने २०२० मध्ये पीडब्ल्यूसीकडून पाहणी करून घेतली. जाहिरातदाराच्या १०० पौंडांपैकी ५१ च वेबसाइटपर्यंत पोहोचले होते. १५ पौंडांचा तर हिशेबच लागला नाही. म्हणून जाहिरात कोणत्या साइटवर दिसली याची यादी न देणाऱ्याला सरळ नकार द्या.

'डीव्ही ३६०', 'ट्रेड डेस्क' ही मोठ्या बजेटची कामे. महिन्याला पाच हजार खर्चायचे असतील तर गूगल अ‍ॅड्स पुरे. फक्त लोकेशनचे मूळ सेटिंग बदला; नाहीतर पुण्यात बसून नांदेडबद्दल शोधणाऱ्यालाही तुमची मेस दिसेल. होस्टेलवाल्याने मात्र ते तसेच ठेवावे. त्याचे गिऱ्हाईक अजून लातुरातच असते.