मूसची शिंगे : अंदाज 50 इंचांचा

अलास्कात सप्टेंबरमध्ये मूसच्या शिकारीचा हंगाम ऐन भरात असतो. मूस हा हरणांच्या कुळातला सर्वांत मोठा प्राणी. थोराड नराचे वजन 700 किलोपर्यंत जाते. राज्याच्या बऱ्याच भागांत कोणता नर मारायचा हे त्याच्या शिंगांवरून ठरते. एका बाजूला नुसता सुळका किंवा दोनच टोके असलेला कोवळा नर चालतो. तसा नसेल, तर शिंगांचा पसारा निदान 50 इंच, म्हणजे 127 सेंटिमीटर असावा लागतो, किंवा एका शिंगाच्या पुढच्या भागावर तीन, काही भागांत चार, फाटे असावे लागतात. केनाई द्वीपकल्पात ही पद्धत 1987 साली सुरू झाली. जंगलात टेप लावता येत नाही, त्यामुळे सगळी भिस्त नजरेवर असते आणि त्यातूनच गैरसमज पसरतात.

पहिला गैरसमज असा, की ही अट भिंतीवर टांगायच्या शिंगांसाठी आहे. तसे नाही. या अटीमुळे मधल्या वयाचे नर वाचतात, सप्टेंबरअखेरच्या माजाच्या काळात माद्यांना पुरेसे नर उरतात आणि हंगामही खुला ठेवता येतो. शिकार मुख्यतः मांसासाठीच होते. मोठ्या नरापासून सव्वादोनशे किलोच्या आसपास मांस मिळते आणि ते जंगलात टाकून येणे हा गुन्हा आहे.

दुसरा गैरसमज जास्त महागात पडतो : ‘शिंगे कानांच्या बाहेर गेली की 50 इंच भरली.’ कान हे माप म्हणून कामाचे नाहीत. मूस ते सतत हलवतो, मागे पाडतो, एक इकडे तर दुसरा तिकडे वळवतो. शिवाय 40 इंची नराची शिंगेसुद्धा कानांच्या बाहेर जातात. त्यापेक्षा भरवशाचे माप चेहऱ्यावरच आहे. अलास्कातल्या मोठ्या नराच्या दोन डोळ्यांमधले अंतर सुमारे 10 इंच असते. नर अगदी समोरून बघत असताना हे अंतर नजरेत धरायचे आणि डोळ्यापासून बाहेरच्या बाजूला शिंगाच्या सर्वांत लांबच्या टोकापर्यंत ते किती वेळा बसते ते पाहायचे. डावीकडे दोन वेळा, उजवीकडे दोन वेळा आणि मधले एक : 20, 10 आणि 20 मिळून 50. दोनदा बसून वर थोडी जागा उरत नसेल, तर थांबायचे.

हे गणित समोरासमोरच जमते. नराने मान थोडी वळवली की एक शिंग आखूड दिसते आणि दुसरे अकारण मोठे. खाली मान घालून चरणाऱ्या नराकडे वरून पाहिले, तर शिंगांची खोलीही रुंदीत धरली जाते. काहींची शिंगे टोपलीसारखी वर वळलेली असतात. त्यांची पाती भारदस्त दिसतात, पण आडवा पसारा कमी भरतो. कायदा मोजतो तो हा आडवा पसाराच : कवटीच्या मध्यरेषेला काटकोनात, सरळ रेषेत, सर्वांत रुंद जागी. शिंगाच्या वळणावरून टेप फिरवून आलेला आकडा धरत नाहीत. तिरके मोजलेले अंतरही नाही. जाणकार शिकारी मूसचे वाळलेले खांद्याचे हाड विलोच्या झुडपांवर घासतात. दुसरा नर शिंगे घासतो आहे असे वाटून मूस जवळ येतो आणि समोर उभा राहतो. मला तरी अंदाज घ्यायचा याहून चांगला मार्ग दिसत नाही, कारण घाई टळते आणि नजर स्थिर होते.

‘दोन्हीकडचे मिळून चार फाटे पुरतात’ हेही चूक. डाव्या बाजूला दोन आणि उजव्या बाजूला दोन म्हणजे चार नव्हे. ठरलेली संख्या एकाच शिंगावर भरावी लागते. फाटा निदान एक इंच लांब आणि रुंदीपेक्षा लांबीला जास्त असावा लागतो. मागच्या मोठ्या पात्यावरून निघालेले टोक यात मोजत नाहीत. रुंदीबद्दल शंका असली, तर फाट्यांकडे वळणे शहाणपणाचे, कारण फाटे मोजता येतात.

टोकांवरून वय कळते, ही समजूत आपल्याकडेही आहे. आपल्या सांबराच्या प्रत्येक शिंगाला साधारणपणे तीनच टोके असतात, मग तो चार वर्षांचा असो की दहा. मूसची शिंगे दर हिवाळ्यात गळतात आणि वसंतात नव्याने वाढू लागतात. भर वयात ती सर्वांत मोठी होतात, म्हातारपणी पुन्हा लहान होत जातात. खरे वय दाताचा काप घेऊन त्यातल्या थरांवरून काढतात.

चूक झालीच तर लपवू नये. नियमात न बसणारा नर मारला गेला, तर शिकाऱ्याने मांस नीट काढून स्वतःहून वन्यजीव पोलिसांना कळवावे, अशी तिथे अपेक्षा असते. मांस जप्त होऊन गरजूंकडे जाते. माझे मत स्पष्ट आहे : अंदाज नेमका 50 वर येत असेल, तर तो नर सोडावा. एवढ्या लांबून दोन इंचांचा फरक डोळ्याला कळत नाही.

अलास्कात शिकारीला जाऊ पाहणाऱ्या मराठी वाचकांसाठी एक गोष्ट : जे अमेरिकेचे नागरिक नाहीत आणि ज्यांचे कायमचे वास्तव्यही अमेरिकेत नाही, त्यांना मूसच्या शिकारीसाठी परवानाधारक गाईड सोबत घेणे कायद्याने बंधनकारक आहे.