गणपती तुमचा, ड्यूटी त्यांची

गणेश चतुर्थीला दोन दिवस उरले की ठाणे जिल्ह्यातल्या कोकणी माणसाचे पाय दिव्याकडे वळतात. दिवा-सावंतवाडी गाडीत जागा मिळावी म्हणून डोंबिवली-कल्याणची माणसे पहाटेच्याही आधी फलाटावर येऊन बसलेली असतात. सोबत बॅगा, पोरांच्या खाऊच्या पिशव्या आणि मखराचे सामान बांधलेला लांबट खोका. ज्यांना आरक्षण मिळाले ते ठाण्याला चढतात, ज्यांना मिळाले नाही ते एसटीच्या ग्रुप बुकिंगला नाव लावतात. 2025 साली रेल्वेने गणपतीसाठी 380 विशेष फेऱ्या जाहीर केल्या. आदल्या वर्षी त्या 358 आणि त्याच्या आदल्या वर्षी 305 होत्या. एसटीच्या जादा गाड्या पाच हजारांच्या घरात गेल्या आणि कोकणात जाणाऱ्या वाहनांना सरकारने टोलमाफीचे पास दिले. जाणाऱ्यांची ही कहाणी दर भाद्रपदात छापून येते आणि ती यायलाही हवी. मात्र हे शहर सोडून माणसे निघतात तेव्हा त्यांच्या बंद दाराखालच्या गेटवर कोणीतरी बसलेले असते. वागळे इस्टेटमधल्या एखाद्या कारखान्यात पाळी चालू असते, रुग्णालयाच्या वॉर्डात रात्रपाळीची नर्स सलाईन बदलत असते, स्टेशनबाहेर शेअर रिक्षा भरत असते. यातले पुष्कळजण परप्रांतातले, काही तर परदेशातले. सण त्यांचा नाही. सुट्टीही त्यांना नाही. त्यांची सुट्टी केव्हा असते आणि ती त्यांना कशी मिळते, हा या लेखाचा विषय.

हाच प्रश्न दुसऱ्या टोकाला पाहायचा तर दक्षिण कोरियाकडे पाहावे. तिथला चुसॉक हा पितरांना नैवेद्य दाखवण्याचा आणि सुगीचा सण आठव्या चांद्रमासाच्या पौर्णिमेला येतो. 2024 साली तो 17 सप्टेंबरला, म्हणजे नेमका आपल्या अनंत चतुर्दशीला आला होता. कायद्याने त्याला तीन दिवसांची सुट्टी आहे. 2022 पासून पाच किंवा अधिक कामगार असलेल्या खासगी आस्थापनांनाही सार्वजनिक सुट्ट्या भरपगारी द्याव्या लागतात. सोलहून गावाकडे निघालेल्या गाड्यांच्या रांगा लागतात आणि 2017 पासून, महासाथीचा काळ सोडला तर, त्या दिवसांत महामार्गांवर टोल घेत नाहीत. आपल्या टोलमाफीशी याचे साम्य सहज दिसते. या देशात आज पंचवीस लाखांहून अधिक परदेशी राहतात. त्यात नेपाळ, व्हिएतनाम, कंबोडियातून परवान्यावर आलेले कारखाना कामगार मोठ्या संख्येने आहेत, आणि या परवान्यावर बायकामुलांना सोबत आणता येत नाही. कारखाना बंद, दुकाने बंद, सहकारी गावाला गेलेले. राजवाडे त्या दिवसांत फुकट पाहायला उघडे असतात, आपल्या देशबांधवांना भेटता येते, झोप काढता येते. म्हणजे वेळ मिळतो, पण तो स्वतःच्या सणाला मिळतोच असे नाही. 2025 साली योग असा जुळला की चुसॉकची मोठी सुट्टी 3 ते 9 ऑक्टोबर आली आणि नेपाळ्यांचा दशैं 6 ऑक्टोबरला, आपल्या कोजागिरीला, संपला. दरवर्षी असे जुळत नाही.

ठाण्या-डोंबिवलीतले चित्र नेमके उलटे आहे. इथे गणेश चतुर्थीची सरकारी सुट्टी एकच दिवस. कोकणात पाच किंवा सात दिवस राहणारा माणूस ती सुट्टी स्वतः उभी करतो: अर्जित रजा, किरकोळ रजा, मधला रविवार आणि साहेबाची मर्जी. त्याची ही रजा निभावते, कारण त्याच वेळी दुसऱ्या कोणाला रजा नको असते. मलयाळी नर्सला ओणमला किंवा नाताळला जायचे असते, पूर्वांचलातल्या रिक्षावाल्याला छठला, नेपाळी वॉचमनला दशैंला, तमिळ कारकुनाला पोंगलला. म्हणून गणपतीत ते उभे राहतात आणि त्यांच्या सणाला इतरांनी उभे राहावे अशी अपेक्षा ठेवतात. कोणी कागदावर न मांडलेली ही रजेची अदलाबदल आहे आणि माझ्या मते सणासुदीला हे शहर चालू ठेवणारी ती सर्वात महत्त्वाची व्यवस्था आहे. दोष एकच: तिची एक बाजू पक्की आहे आणि दुसरी मेहेरबानीवर चालते. गणपतीची रजा मागणाऱ्याला कारण सांगावे लागत नाही. छठची रजा मागणाऱ्याला आधी छठ म्हणजे काय ते सांगावे लागते.

बाहेरून आलेल्यांनी या अडचणीतून आपापल्या वाटा काढल्या आहेत, आणि त्या पाहिल्या की सुट्टी नसण्याची किंमत कळते. पहिली वाट म्हणजे सण सुट्टीच्या दिवशी सरकवणे. डोंबिवलीत केरळीय समाजम ही मलयाळी मंडळींची जुनी संस्था आहे. शाळा-महाविद्यालय चालवण्याइतकी ती इथे रुजलेली आहे. तरीही केरळबाहेरच्या कुठल्याही शहराप्रमाणे इथलेही ओणमचे सामूहिक कार्यक्रम तिरुओणमच्याच दिवशी होतील असे नसते. पुढच्या रविवारांना, सभागृह मिळेल आणि लोकांना सवड असेल तेव्हा, फुलांची रांगोळी घातली जाते आणि केळीच्या पानावर जेवण वाढले जाते. दुसरी वाट बदली माणूस देण्याची. 1950 च्या भारत-नेपाळ करारामुळे नेपाळी माणसाला इथे येऊन काम करायला व्हिसा लागत नाही, पण गेट सोडून जायला परवानगी लागतेच. तेव्हा तो भाऊ, मेहुणा किंवा गावकरी बदलीवर बसवतो आणि मग निघतो. सोसायटीच्या सेक्रेटरीला फक्त नवा चेहरा दिसतो. त्यामागे कोणाचा दशैं बुडाला हे त्याला कळत नाही.

तिसरी वाट उपवन तलावावर दिसते. छठ रविवारपर्यंत ढकलता येत नाही. कार्तिक शुद्ध षष्ठीला मावळत्या सूर्याला आणि दुसऱ्या दिवशी उगवत्या सूर्याला अर्घ्य द्यायचे असते. त्याआधी नहाय-खाय आणि खरना, आणि मग पाण्याचा थेंबही न घेता छत्तीस तासांचा उपास. त्या संध्याकाळी ठाण्याच्या उपवनावर बायका कमरेएवढ्या पाण्यात उभ्या असतात. नाकाच्या शेंड्यापासून भांगापर्यंत ओढलेला शेंदूर, हातात बांबूचे सूप, त्यात ठेकुआ, नारळ, केळी, हळदीचे ओले रोप; काठावर उसाचे पाच-सहा दांडे उभे करून बांधलेले. गर्दी, लाऊडस्पीकर, नेत्यांचे फलक हे सगळे असते. त्यामुळे पुष्कळांना हे शक्तिप्रदर्शन वाटते आणि 2008 च्या सुमारास छठवरून आपल्याकडे राजकारणही तापले होते. पण उपवनावर येणाऱ्यांत असे किती तरी आहेत ज्यांना या वर्षी तिकीट मिळाले नाही, रजा मिळाली नाही किंवा जाण्या-येण्याचा खर्च परवडला नाही. गावचा घाट गाठता आला असता तर ते इथे नसते. ज्यांना जायला मिळते त्यांचा प्रवास कसा असतो, हे 27 ऑक्टोबर 2024 च्या पहाटे वांद्रे टर्मिनसवर दिसले. गोरखपूरच्या अनारक्षित गाडीत चढताना झालेल्या चेंगराचेंगरीत नऊ-दहाजण जखमी झाले. त्यानंतर मध्य रेल्वेने ठाणे आणि कल्याणसह मोठ्या स्थानकांवर प्लॅटफॉर्म तिकिटांची विक्री काही दिवस थांबवली.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे आणि तो अगदीच गैर नाही. इथे आलात, इथले अन्न खाता, तर इथला सण आपला माना. मंडळात या, आरती म्हणा. सार्वजनिक गणेशोत्सव मुळात त्यासाठीच आहे. कल्याणच्या सुभेदार वाड्याच्या उत्सवासारखी त्याची परंपरा टिळकांच्या काळापर्यंत मागे जाते, आणि घराच्या देव्हाऱ्यातला गणपती चौकात आणण्यामागचा हेतूच ज्याच्या घरी गणपती नाही त्यालाही सामील करून घेण्याचा होता. डोंबिवलीच्या गणेश मंदिर संस्थानाने 1999 मध्ये गुढीपाडव्याची स्वागतयात्रा सुरू केली. ठाणे, गिरगाव आणि पुढे राज्यभर ती पसरली. तिच्यात चालायला कोणाला निमंत्रण लागत नाही. दिवाळीच्या पहाटे फडके रोडवर जमणाऱ्या तरुणांना कोणी आडनाव विचारत नाही. हे सगळे खरे आहे आणि ही या शहरांची श्रीमंतीच आहे. पण सहभाग ही सुट्टीची भरपाई होऊ शकत नाही, याचा सर्वात मोठा पुरावा आपला चाकरमानीच आहे. डोंबिवलीत गल्लोगल्ली मंडप असतात, आरती असते, मोदक असतात, भजन असते. तरी तो कणकवलीला जातो. कारण त्याला गणपती हवा असतो तो स्वतःच्या घरातला, आईने सारवलेल्या खळ्यातला, भावाशी भांडून वाटून घेतलेल्या पूजेचा. जी ओढ आपण स्वतःच्या बाबतीत उघड मानतो, ती आझमगढच्या माणसाच्या बाबतीत नाकारण्याला तर्काचा आधार नाही. शिवाय तो चाकरमानीही मुंबईत बाहेरूनच आला होता. रत्नागिरीतून गिरणीत कामाला आलेल्या माणसाने शिमग्याची आणि गणपतीची रजा कशी मिळवली, याचा इतिहास आपल्याच घराघरांत आहे.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा आहे: प्रत्येकाला त्याच्या त्याच्या सणाला सोडायचे ठरवले तर काम कोण करणार? हा प्रश्न कोरियात खरा आहे, कारण तिथे जवळजवळ सगळा देश एकाच आठवड्यात घरी जातो. आपल्याकडे सण विखुरलेले आहेत. श्रावण-भाद्रपदात कोकण आणि केरळ, आश्विनात बंगाल आणि नेपाळ, कार्तिकात बिहार, पौषात तमिळनाडू, त्यात ईद आणि नाताळ. 2011 च्या जनगणनेत ठाणे शहराची लोकसंख्या 18 लाखांवर आणि कल्याण-डोंबिवलीची 12 लाखांवर होती. एवढ्या मोठ्या वस्तीची गावे एकाच दिशेला असती तर वर्षातून एकदा दवाखानेसुद्धा बंद पडले असते. ती चार दिशांना आहेत म्हणून पाळी लावता येते. हेच वैविध्य रजेच्या नियोजनाला सर्वात सोयीचे आहे. आपण ते वापरतो, पण नियोजन मात्र करत नाही. छठच्या आदल्या दिवशी अचानक निम्मे रिक्षावाले नाहीत म्हणून चिडचिड होते. तारीख मात्र पंचांगात वर्षभर आधी छापलेली असते.

तिसरा आक्षेप सर्वात जड आहे. रजा, पाळी, नियोजन ही पगारदारांची भाषा झाली. ज्याचे पोट रोजावर आहे त्याला कसली सुट्टी? रिक्षावाला गेला तर त्याची कमाई बुडते, भाजीवाली गेली तर तिची जागा दुसरा धरतो. हे मान्यच करावे लागते. कायद्याचा हात तिथवर पोहोचत नाही. पण जिथे पोहोचतो तिथे तरी तो वापरला जातो का? महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार त्याच्या कक्षेत येणाऱ्या आस्थापनेत प्रत्येकाला वर्षाला आठ भरपगारी सणाच्या सुट्ट्या मिळतात. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबर हे चार दिवस ठरलेले. उरलेले चार मालक आणि कामगारांनी वर्ष सुरू होण्यापूर्वी आपसात ठरवायचे असतात. शिवाय आठ दिवसांची किरकोळ रजा वेगळी. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी हे चार दिवस कोणी ठरवत नाही. गेल्या वर्षीचीच यादी नव्या तारखा घालून फलकावर लागते. त्या यादीत पाडवा, गणपती, दसरा, दिवाळी असणे स्वाभाविकच आहे आणि ती बदलण्याचे कारणही नाही. पण ज्याला गणपतीऐवजी छठ हवी आहे त्याला तो दिवस बदलून घेण्याची मुभा त्याच वेळी, त्याच कागदावर देता येते. त्याने आस्थापनेचा एक पैसाही जादा खर्च होत नाही, कारण गणपतीच्या दिवशी तो कामावर असतो. रात्रंदिवस चालणारी रुग्णालये आणि कारखाने हे तोंडी करतातच. ते लेखी केले की मेहेरबानीचा हक्क होतो.

सोसायट्यांना तर कायद्याचीही वाट पाहायला नको. बहुतेक ठिकाणी सुरक्षारक्षक एजन्सीकडून येतात आणि बारा-बारा तास उभे राहतात. वार्षिक सर्वसाधारण सभेत गणपतीच्या वर्गणीवर तासभर चर्चा होते. त्याच सभेत वॉचमन, सफाई कामगार आणि लिफ्टमन यांना वर्षात कोणते चार दिवस गावी जायचे आहे हे विचारून एजन्सीच्या करारात बदली माणसाची अट घालायला पाच मिनिटे लागतील. म्हणजे दशैंला जाण्यासाठी मेहुण्याचा दशैं बुडवावा लागणार नाही. घरकामाच्या मावशींच्या बाबतीत निर्णय आणखी सोपा आहे, कारण तो एकाच घराचा असतो: गणपतीला आठ दिवस आपण घर बंद करून गेलो तर त्या आठ दिवसांचा पगार कापायचा नाही आणि त्यांच्या सणाच्या खाड्यांचाही नाही.

राज्ययंत्रणेलाही हाच हिशेब लागू होतो. छठ-दिवाळीसाठी रेल्वेने 2025 मध्ये देशभर 12 हजारांवर विशेष फेऱ्या जाहीर केल्या, पण कल्याणच्या फलाटावर रांग कशी लावायची, अनारक्षित प्रवाशाला थांबायला मंडप कुठे घालायचा, पाण्याची सोय कोणी करायची, याची तयारी गणपतीइतकीच आधी आणि तितक्याच आपुलकीने व्हायला हवी. गणपतीत चाकरमान्यांसाठी स्टेशनांवर मदत कक्ष उघडणारी मंडळे आणि पक्ष ठाणे जिल्ह्यात कमी नाहीत. तेच टेबल कार्तिकात कल्याणला मांडले, तर भाद्रपदात आपली घरे राखणाऱ्यांची ती साधी परतफेड होईल. कोकणी माणसाला हक्काची वाट मिळाली ती त्याने पिढ्यानपिढ्या मागणी लावून धरली म्हणून. गाड्या, टोल, एसटी हे सगळे त्या मागणीचे फळ आहे. ही वाट मळलेली आहे. आता तिच्यावरून इतरांनाही जाऊ द्यायचे आहे, आणि त्याची सुरुवात येत्या जानेवारीच्या रजेच्या यादीपासून करता येते.