मळीवरची जकात आणि मुद्रांकाचा कागद
(लेखांक चौथा)

१७६३ च्या फेब्रुवारीत पॅरिसचा तह झाला आणि कॅनडातील फ्रेंच सत्ता संपुष्टात आली, येथपर्यंतचा वृत्तांत गेल्या लेखांकात आला आहे. या विजयाचा आनंद अमेरिकेतील इंग्रज वसाहतींनी मनःपूर्वक साजरा केला. ब्रिटिश साम्राज्याचे घटक असल्याचा त्यांना त्या वर्षी जितका अभिमान वाटला तितका पूर्वी क्वचितच वाटला असेल. आणि तरीही पुरी तीन वर्षे लोटण्याच्या आत बॉस्टन शहरात सरकारी अंमलदाराची प्रतिमा झाडाला फाशी दिली गेली. इतक्या अल्पावधीत एवढे मनोमालिन्य का उत्पन्न झाले, हे समजून घ्यावयाचे तर प्रथम लंडनच्या खजिन्यात डोकावले पाहिजे.

युद्धापूर्वी ७ कोटी ४० लाख पौंडांच्या आसपास असलेले इंग्लंडचे राष्ट्रीय कर्ज युद्धाअखेर १३ कोटींच्या घरात गेले होते, आणि त्याच्या व्याजापायीच सरकारी वसुलाचा फार मोठा हिस्सा खर्ची पडत होता. जमिनीच्या उत्पन्नावर पौंडामागे ४ शिलिंग कर इंग्लंडातील जमीनदार भरीतच होते; त्यात १७६३ साली सफरचंदाच्या मद्यावर नवा कर बसताच पश्चिमेकडील परगण्यांत दंगे उसळले. अशा वेळी प्रधानपदी आलेला जॉर्ज ग्रेनव्हिल हा हिशेबाला चोख आणि कामाला कष्टाळू असा गृहस्थ होता. अमेरिकेच्या रक्षणासाठी तेथे सुमारे १०,००० सैनिक ठेवावयाचे ठरले असताना त्या वसाहतींच्या जकातीतून वर्षाकाठी २,००० पौंडही हाती येत नाहीत, आणि ती गोळा करण्यावर मात्र त्याच्या कित्येक पट खर्च होतो, हे दफ्तरातील आकडे पाहून तो अस्वस्थ झाला असल्यास त्याला दोष देता येणार नाही. त्याचा हिशेब बरोबरच होता. परंतु ज्यांच्याकडून पैसा घ्यावयाचा त्यांच्या मनाची घडण त्याने जाणून घेतली नाही, आणि आमच्या मते पुढील साऱ्या अनर्थाचे मूळ तेथेच आहे.

त्याचा पहिला कायदा १७६४ चा. न्यू इंग्लंडमधील भट्ट्यांत रम दारू तयार होई ती वेस्ट इंडीज बेटांतील उसाच्या मळीपासून, आणि फ्रेंच बेटांतील मळी सर्वांत स्वस्त पडे. तिच्यावर १७३३ पासून गॅलनमागे ६ पेन्स जकात कायद्याने लागू होती. परंतु नाक्यावरच्या कारकुनाच्या हातावर थोडेसे ठेवले की माल बिनबोभाट उतरत असे, आणि या चोरट्या व्यापारावर बॉस्टन व न्यूपोर्ट येथील कित्येक प्रतिष्ठित पेढ्या उभ्या राहिल्या होत्या. ग्रेनव्हिलने हा दर निम्म्यावर, म्हणजे ३ पेन्सांवर आणला. वरकरणी ही सवलत होती. तरी व्यापारी खवळले, कारण ही निम्मी जकात आता खरोखर वसूल होणार होती. जप्त मालाचा खटला हॅलिफॅक्स येथील आरमारी न्यायालयात नेण्याची मुभा अंमलदारांना मिळाली. तेथे ज्यूरी नसे आणि माल निर्दोष असल्याचे सिद्ध करण्याचा भार मालकावरच पडे. याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, अमेरिकेत महसूल उभा करणे हाच आपला हेतू असल्याचे त्या कायद्याच्या प्रस्तावनेत स्पष्ट लिहिले होते. पूर्वीच्या जकाती व्यापाराला वळण लावण्यासाठी होत्या, असे वसाहतवाले समजत आले होते. तो समज आता टिकण्यासारखा राहिला नाही. त्याच वर्षी वसाहतींच्या कागदी चलनावरही निर्बंध आला, आणि युद्धोत्तर मंदीने आधीच गांजलेल्या त्या मुलखात रोख पैशाची चणचण अधिकच जाणवू लागली.

तरीही मळीचा प्रश्न मुख्यतः बंदरांचा होता. १७६५ च्या मार्चमध्ये मंजूर झालेल्या मुद्रांक कायद्याने तो घरोघरी पोहोचविला. खरेदीखत, गहाणखत, मृत्युपत्र, न्यायालयातील अर्ज, परवाने, वर्तमानपत्रे, पंचांगे, इतकेच नव्हे तर पत्त्यांचा जोड आणि खेळण्याचे फासेदेखील सरकारी शिक्क्यावाचून विकता वा वापरता येऊ नयेत, आणि त्या शिक्क्याचे मोल ब्रिटिश चलनाच्या दराने भरावे, असा त्याचा आशय होता. पत्त्यांच्या जोडास १ शिलिंग, फाशांच्या जोडीस १० शिलिंग, विद्यापीठाच्या पदवीपत्रास २ पौंड! इंग्लंडात असा कर १६९४ पासून चालत आला होता, म्हणून पार्लमेंटमध्ये फारसा विरोध झाला नाही. पण या कराचा भार सर्वांत आधी पडला तो वकील आणि छापखानेवाले यांच्यावर. म्हणजे ज्यांच्या वाणीला आणि लेखणीला धार होती, नेमक्या त्याच वर्गाला सरकारने आपल्याविरुद्ध उभे केले.

व्हर्जिनियाच्या विधिमंडळात नुकताच निवडून आलेला पॅट्रिक हेन्री याने मे महिन्यात ठराव आणले, आणि व्हर्जिनियाच्या रहिवाशांवर कर बसविण्याचा अधिकार त्यांनी निवडलेल्या सभेचाच, ही भूमिका मांडली. १४ ऑगस्टला बॉस्टनमध्ये मुद्रांक वाटपासाठी नेमलेल्या अँड्र्यू ऑलिव्हरची प्रतिमा एका एल्म वृक्षाला टांगण्यात आली. (त्याच आठवड्यात, १२ ऑगस्टला, शहा आलम बादशहाने बंगाल, बिहार व ओरिसा या सुभ्यांची दिवाणी ईस्ट इंडिया कंपनीस बहाल केली, तेथील रयतेची संमती घ्यावी हा विचारही कोणाच्या मनास शिवला नाही, हे आपण भारतीय वाचकांनी ध्यानात ठेवण्यासारखे आहे.) प्रतिमेच्या त्या प्रकारानंतर बारा दिवसांनी बॉस्टनमध्येच जमावाने नायब गव्हर्नर थॉमस हचिन्सनचे घर उद्ध्वस्त केले. या हचिन्सनला स्वतःला मुद्रांक कायदा अहितकारक वाटत होता. न्याय्य गाऱ्हाण्याच्या नावाखाली झालेल्या या अत्याचाराचे समर्थन आम्ही करू शकत नाही. ऑक्टोबरात ९ वसाहतींचे प्रतिनिधी न्यूयॉर्कला जमले, व्यापाऱ्यांनी ब्रिटिश माल मागविणे बंद करण्याचा निश्चय केला, आणि १ नोव्हेंबरला कायदा अमलात यावयाचा तोपर्यंत मुद्रांक वाटणाऱ्या जवळजवळ सर्व अंमलदारांनी राजीनामे दिले होते.

लंडनचा युक्तिवाद असा की, मँचेस्टर आणि बर्मिंगहॅम यांनाही पार्लमेंटात सभासद नाहीत, तरी प्रत्येक सभासद साऱ्या राष्ट्राचाच प्रतिनिधी असतो. हा युक्तिवाद अटलांटिक ओलांडताना दुबळा पडे. मँचेस्टरवर बसलेला कर तो मंजूर करणाऱ्या सभासदालाही द्यावा लागे. बॉस्टनवर बसलेल्या कराने मात्र त्याचा स्वतःचा भार हलका होई. शिवाय संमतीवाचून कर नाही हे तत्त्व वसाहतवाल्यांनी इंग्रजांच्याच इतिहासातून उचलले होते, आणि त्यांचे पूर्वज याच तत्त्वासाठी स्टुअर्ट राजांशी झगडले होते.

१७६५ च्या जुलैत ग्रेनव्हिल पदच्युत झाला, तो अमेरिकेमुळे नव्हे, तर राजा तिसरा जॉर्ज याच्याशी न पटल्यामुळे. त्याच्या जागी आलेल्या रॉकिंगहॅमपुढे माल तुंबलेल्या इंग्रज व्यापाऱ्यांचे अर्ज येऊन पडले, बेंजामिन फ्रँक्लिनची पार्लमेंटपुढे साक्ष झाली, आणि २७५ विरुद्ध १६७ मतांनी मुद्रांक कायदा मागे घेण्याचे ठरले. १८ मार्च १७६६ रोजी त्यावर शिक्कामोर्तब झाले. पण त्याच दिवशी, वसाहतींना कोणत्याही बाबतीत बंधनकारक होतील असे कायदे करण्याचा पार्लमेंटला पूर्ण अधिकार आहे, असे घोषित करणारा दुसरा कायदाही संमत झाला. आनंदोत्सवाच्या भरात तिकडे अमेरिकेत फारच थोड्यांनी लक्ष दिले. त्याच उन्हाळ्यात पिटने नवे मंत्रिमंडळ बनविले आणि त्यात अर्थखाते चार्ल्स टाऊनशेंडकडे गेले. काच, शिसे, रंग, कागद आणि चहा यांवर त्याने बसविलेल्या जकातीची हकीकत पुढील लेखांकात येईल.