शेवया, खिचडी आणि नॅनो

जुन्या नाशकात आमच्या शेजारी राहणारी एक मुलगी एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. विषय भौतिकशास्त्र, प्रकल्प नॅनोचा. मगरिबच्या आधी ती क्वचितच घरी येते. 'एवढा वेळ तिथे करते तरी काय?' हा अम्मीचा प्रश्न. 'पुढे पीएच.डी. करू द्यावी, की लग्नाचे पाहावे?' हा अब्बूंचा. शेवटी एका शनिवारी आम्ही सगळेच तिची प्रयोगशाळा पाहायला गेलो.

वाटले होते काही अजब यंत्रे दिसतील. दिसला तो खल! झिंक ऑक्साइडची पांढरी पूड त्यात तासभर घोटायची, चिकट द्रव घालून तिचे पिठासारखे मिश्रण करायचे आणि लग्नपत्रिका छापतात तसे बारीक जाळीतून चिनी मातीसारख्या पट्टीवर छापायचे. मग पट्टी कित्येकशे अंशांच्या भट्टीत. अम्मी हसून म्हणाल्या, "हे तर आमचेच काम!"

एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. आपला केस साधारण ८० हजार ते १ लाख नॅनोमीटर जाड असतो. इतके बारीक कण साध्या सूक्ष्मदर्शकाला दिसत नाहीत, कारण उजेडाची लहरच त्यांच्यापेक्षा मोठी असते. म्हणून इलेक्ट्रॉनचा झोत वापरतात. ते महागडे यंत्र इथे नाही. नमुने बाहेर पाठवायचे आणि नंबर लागण्याची वाट पाहायची.

फोटो काळे-पांढरेच येतात. छापील चित्रांतले रंग नंतर भरलेले असतात. पण आकार काय एकेक! मुलांनी त्यांना नावेही दिली आहेत. बारीक तारा म्हणजे 'शेवया', आखूड कांड्या म्हणजे 'बासमती', गोळे म्हणजे 'साबुदाणा'. एका फोटोत तर चक्क शेवंती फुललेली. बाकीच्या बऱ्याच फोटोंत नुसता गिचका, त्यांचे नाव 'खिचडी'.

अब्बू म्हणाले, "मग ही खिचडी कशाला जपतेस? फूलच दाखव ना."

"नाही अब्बू. एका कोपऱ्यात फूल आणि बाकी सगळी खिचडी असेल, तर तेच लिहावे लागते. फक्त फूल दाखवले तर तो खोटेपणा."

ही पट्टी गॅसची गळती ओळखण्यासाठी आहे. हवेतला ऑक्सिजन तापलेल्या कणांना चिकटतो आणि त्यांचे इलेक्ट्रॉन अडकवून ठेवतो. स्वयंपाकाचा गॅस आला की तो त्या ऑक्सिजनशी संयोग पावतो, इलेक्ट्रॉन सुटतात आणि पट्टीतून वीज सहज वाहू लागते. कण जितके बारीक, तितका पृष्ठभाग जास्त, तितकी जाण तीव्र.

अब्बूंचे शेगडी दुरुस्तीचे दुकान आहे. साबणाच्या पाण्याने गळती शोधण्यात त्यांचे आयुष्य गेले. त्यांनी लगेच विचारले, "फोडणीच्या धुराने वाजेल का? पावसाळ्यातल्या दमट हवेने?"

मुलगी गप्प झाली. मग म्हणाली, "अब्बू, आमची गाडी इथेच अडली आहे."

साध्या सामग्रीतूनही मोठे काम होते, हे पुण्याने दाखवले आहे. तिथल्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली शास्त्री, अबसार अहमद आणि सहकाऱ्यांनी गवती चहाच्या अर्कातून सोन्याचे चपटे, त्रिकोणी नॅनोकण बनवले. २००४ साली 'नेचर मटेरियल्स' या नामांकित नियतकालिकात ते प्रसिद्ध झाले. आपल्या अंगणातला गवती चहा!

परतताना रिक्षात अब्बू काही बोलले नाहीत. दारात उतरल्यावर एवढेच विचारले, "पीएच.डी.चे अर्ज कधी निघतात?"

आपली मुले कुठे शिकतात, काय करतात, ते पालकांनी एकदा तिथे जाऊन पाहावे. घरी बसून पडलेले बरेच प्रश्न तिथे सुटतात. आणि कधी कधी आपल्या प्रश्नानेच मुलांना पुढचे काम मिळते.