डायनोसॉरांची पुनर्रचना

डायनोसॉरांची पुनर्रचना : जीवाश्मरूपात (शिळारूप अवशेषांच्या रूपात) सापडलेल्या हाडांवरून विलुप्त डायनोसॉरांचा सांगाडा, शरीराचा आकार, उभे राहण्याची ढब व बाह्यरूप ठरविण्याच्या कामाला पुनर्रचना म्हणतात. डायनोसॉराचा संपूर्ण सांगाडा क्वचितच मिळतो. बहुतेक जातींचे वर्णन काही मणके, एखादे लांब हाड किंवा दात एवढ्यावरूनच झालेले आहे. त्यामुळे संग्रहालयातील उभा सांगाडा किंवा पुस्तकातील रंगीत चित्र यांत प्रत्यक्ष मिळालेले, दुसऱ्या प्राण्यावरून घेतलेले आणि केवळ तर्काने भरलेले असे तीन प्रकारचे भाग एकत्र आलेले असतात; पाहणाऱ्याला ते सहसा वेगळे ओळखता येत नाहीत. महाराष्ट्रात सापडलेल्या दोन मोठ्या शाकाहारी डायनोसॉरांच्या उदाहरणांवरून हा भेद चांगला स्पष्ट होतो. या दोहोंपैकी एकाचीही कवटी मिळालेली नाही. तरीही दोघांच्या सर्व चित्रांत डोके असते.

महाराष्ट्रातील स्थळे : राज्याचा बहुतेक भाग दक्षिण ट्रॅपच्या बेसाल्टाने व्यापलेला आहे [⟶ दक्षिण ट्रॅप]. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यात शिर्डीच्या आसपास काळ्या मातीखाली व नदीच्या गाळाखाली हाच खडक आहे. सु. ६.६ कोटी वर्षांपूर्वी भूपृष्ठावर आलेला तप्त लाव्हा थिजून तो बनला असल्याने त्यात हाडे टिकत नाहीत. लाव्ह्याच्या दोन थरांमध्ये सापडलेल्या गाळाच्या पट्ट्यांत किंवा ट्रॅपच्या तळाशी असलेल्या गाळाच्या खडकांतच प्राण्यांचे अवशेष मिळू शकतात. शिर्डीच्या उत्तरेकडून कोपरगाव व पुणतांबे यांवरून वाहणारी गोदावरी मात्र पुढे पूर्वेस ट्रॅपचा प्रदेश ओलांडते आणि गडचिरोली जिल्ह्यात सिरोंच्याजवळ तिला प्राणहिता मिळते. या खोऱ्यात ट्रॅपपेक्षा कितीतरी जुने, नद्या व सरोवरे यांत साचलेले वालुकाश्म, मृत्तिकाश्म व चुनखडक उघडे पडलेले आहेत. त्यांपैकी कोटा शैलसमूह जुरासिक कल्पातील असून त्यात बारापासॉरसाचे अवशेष सापडले. दुसरे महत्त्वाचे क्षेत्र चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याच्या परिसरातील पिसदुरा व डोंगरगाव हे होय. तेथील लॅमेटा शैलसमूह क्रिटेशस कल्पाच्या अखेरचा, म्हणजे कोट्यापेक्षा दहा कोटींहून अधिक वर्षांनी अलीकडचा आहे. तेव्हा ही दोन क्षेत्रे एका राज्यात असली, तरी त्यांतील प्राणी एकमेकांचे समकालीन नव्हते.

बारापासॉरस : प्रशांतचंद्र महालनोबीस यांच्या निमंत्रणावरून ब्रिटिश पुराजीववैज्ञानिक पामेला रॉबिन्सन या कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकीय संस्थेत आल्या आणि त्यांच्या मार्गदर्शनाखाली प्राणहिता–गोदावरी खोऱ्याचे पद्धतशीर संशोधन सुरू झाले. सिरोंचा तालुक्यातील पोचमपल्ली गावाजवळ १९५८ मध्ये पहिली हाडे दिसली व १९६०–६१ मध्ये मोठे उत्खनन झाले. १९६१ हे रवींद्रनाथ टागोरांचे जन्मशताब्दी वर्ष होते. ‘बडा पाय’ या अर्थाचा देशी शब्द आणि टागोरांचे नाव यांवरून या प्राण्याला बारापासॉरस टागोरी असे नाव मिळाले. सोहनलाल जैन, टी. एस. कुट्टी, तपन रायचौधुरी व शंकर चटर्जी यांनी १९७५ मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले. मांडीच्या हाडाची लांबी सु. १.७ मी. असल्याने ‘बडा पाय’ हे नाव सार्थ आहे.

उत्खननात सु. ३०० हाडे मिळाली, ती शिळारूप झालेल्या मोठमोठ्या झाडांच्या खोडांत मिसळलेली होती. शरीराच्या एकाच बाजूचे एकच हाड जितक्या वेळा मिळेल तितके प्राणी तेथे निदान असलेच पाहिजेत, या सरळ हिशेबाने हे अवशेष किमान सहा प्राण्यांचे ठरतात. एखादा कळप पुरात सापडून मेला, प्रेते कुजत वाहत गेली, सांधे सुटले आणि प्रवाहाचा जोर ओसरला तेथे हाडे व ओंडके एकत्र स्थिरावले, असा या मांडणीचा अर्थ लावण्यात आला आहे. डोकी का मिळाली नाहीत याचे उत्तरही त्यातच आहे. या गटातील (सॉरोपॉड) प्राण्यांचे डोके शरीराच्या मानाने फार लहान, पातळ हाडांचे व मानेला सैलसर जोडलेले असे. प्रेत कुजू लागले की ते प्रथम गळून पडते आणि पाण्याबरोबर दूर जाऊन फुटते. पोचमपल्लीस फक्त काही सुटे दात हाती आले. ते चमच्यासारखे पसरट व कडेला दाते असलेले आहेत. त्यावरून प्राणी वनस्पती खाणारा होता हे निश्चित होते. जबड्याची लांबी, नाकपुड्यांची जागा, डोळ्यांचा आकार यांविषयी दात काहीच सांगत नाहीत.

सहा प्राण्यांच्या हाडांमधून एक सांगाडा कसा उभा राहतो, हे पाहण्यासारखे आहे. सहाही जण एकाच वयाचे व आकाराचे नसतात. म्हणून एका प्राण्याचे माप प्रमाण मानून इतरांची हाडे त्या प्रमाणात लहान वा मोठी धरावी लागतात. डावे हाड नसेल, तर उजव्याचा आरसा-प्रतिमेसारखा नमुना करतात. ही सर्वांत निर्धोक भर होय. मणक्यांचा प्रश्न अधिक बिकट असतो. कणा सलग मिळाला नसेल, तर मानेत व शेपटीत मुळात किती मणके होते हे मोजता येत नाही. जवळच्या जातींच्या पूर्ण कण्यांवरून ती संख्या घ्यावी लागते. त्याखेरीज हाडांच्या टोकांवरील कूर्चा जीवाश्मात उरत नाही. दोन मणक्यांमध्ये किंवा गुडघ्यात तिची जाडी किती धरावी यावर मानेचा बाक व पायाची उंची अवलंबून असते. बारापासॉरसाची लांबी सु. १४ मी. व वजन सु. ७ टन सांगितले जाते. मांडीच्या हाडाची लांबी हे मोजमाप आहे, १४ मी. हा हिशेब आहे आणि ७ टन हा त्या हिशेबावर आधारलेला अंदाज आहे. तिन्ही आकडे एका ओळीत छापले, की ते सारख्याच खात्रीचे वाटू लागतात.

हा सांगाडा कलकत्त्यात भारतीय सांख्यिकीय संस्थेच्या भूविज्ञान संग्रहालयात उभारण्यात आला आहे. त्यावरील डोके अर्थातच घडविलेले आहे. कोटा शैलसमूहातच तेलंगणातील यमनपल्ली येथे सापडलेल्या व पी. यादगिरी यांनी १९८८ मध्ये वर्णिलेल्या कोटासॉरसाचीही तीच स्थिती आहे. त्याचे किमान बारा प्राण्यांचे अवशेष मिळाले, सांगाडा हैदराबादच्या बिर्ला विज्ञान संग्रहालयात उभा राहिला. पण कवटीपैकी हाती आले ते दोन दात. अशा वेळी चीनमधील शुनोसॉरसासारख्या, कवटीसह सापडलेल्या जुरासिक सॉरोपॉडाकडे पाहावे लागते. हे अयोग्य नाही. मात्र घडविलेल्या भागाचा रंग खऱ्या हाडांपेक्षा जाणवण्याइतका निराळा ठेवण्याची चांगली प्रथा काही संग्रहालयांत आहे, ती सर्वत्र पाळली जाणे इष्ट आहे.

इसिसॉरस : डोंगरगाव येथे १९८४–८६ या काळात सोहनलाल जैन व शाश्वती बंद्योपाध्याय यांनी एका डायनोसॉराचे अवशेष मिळविले. त्याचे वर्णन त्यांनी १९९७ मध्ये टायटॅनोसॉरस कोल्बर्टी या नावाने केले. २००३ मध्ये जेफ्री विल्सन व पॉल अपचर्च यांनी त्याला स्वतंत्र प्रजाती मानून भारतीय सांख्यिकीय संस्थेच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून इसिसॉरस हे नाव दिले. मान, पाठ, त्रिक (कमरेचे जुळलेले मणके) व शेपूट यांतील मणके, बरगड्या, श्रोणी (कमरेचा सांगाडा), खांद्याची हाडे आणि पुढचा डावा पाय हे भाग मिळाल्यामुळे भारतातील टायटॅनोसॉरांपैकी हा चांगला ज्ञात आहे. दंडाचे हाड १.४८ मी. लांब आहे. मान आखूड व जाड, पुढचे पाय लांब असा हा प्राणी सॉरोपॉडांत वेगळा उठून दिसतो.

त्याच्या चित्रांत खांदे उंच व पाठ कमरेकडे उतरती दाखविलेली असते. खांद्याची उंची पुढच्या पायाच्या हाडांवरून आली आहे, हे खरे. परंतु पाठीचा उतार ठरतो तो पुढच्या व मागच्या पायांच्या उंचीतील फरकाने आणि मागचे पाय तर मिळालेलेच नाहीत. ते इतर टायटॅनोसॉरांवरून घेतलेले आहेत. म्हणजे जे वैशिष्ट्य चित्रात सर्वांत आधी नजरेत भरते, त्याचा अर्धा आधार उसना आहे. कवटी येथेही नाही.

मांस, त्वचा व रंग : हाडांवर स्नायू जेथे चिकटतात तेथे खरबरीत कडा, उंचवटे वा खळगे राहतात. त्यांवरून मुख्य स्नायूंची जागा व साधारण आकार सांगता येतो. जेथे अशी खूण नसते तेथे जिवंत नातलगांची तुलना उपयोगी पडते. डायनोसॉरांचे एका बाजूचे नातलग मगरी व दुसऱ्या बाजूचे त्यांचेच वंशज असलेले पक्षी होत. मगर व कोंबडी या दोहोंत जी मृदू रचना आढळते, ती डायनोसॉरांतही होती असे मानण्यास सबळ आधार मिळतो. दोहोंपैकी एकात असेल, तर आधार लंगडा पडतो; दोन्हींत नसेल, तर केवळ कल्पना उरते.

सांगाड्यावरून बाह्यरूप किती निसटते, याची कल्पना घरच्या जनावरावरूनही येईल. खिलार बैलाचे वशिंड मांस व चरबी यांचे असते आणि गळ्याखालची पोळी ही नुसती कातडीची घडी असते. बैल पूर्वी कधीही न पाहिलेल्या माणसापुढे त्याचा सांगाडा ठेवला, तर तो शिंगांचा गाभा दाखवील, पाय बरोबर जुळवील. पण वशिंडाचा डौल व पोळीची झुलती कड त्याच्या चित्रात येणार नाही. डायनोसॉरांच्या बाबतीत आपण त्याच माणसाच्या जागी आहोत. कधीकधी हाडेच मिळालेली नसतात म्हणूनही असे घडते. मंगोलियात १९६५ मध्ये डायनोकायरसाचे सु. २.४ मी. लांबीचे दोन हात सापडले आणि त्यांवरून अनेक वर्षे उग्र शिकारी प्राणी रेखाटला गेला. २०१४ मध्ये अधिक पूर्ण सांगाड्यांचे वर्णन झाले तेव्हा तो पाठीवर उंचवटा असलेला, बदकासारख्या लांबट चपट्या तोंडाचा, दात नसलेला प्राणी ठरला.

त्वचेचे पुरावे याहून दुर्मिळ आहेत. चीनमध्ये सरोवराच्या अतिशय सूक्ष्मकणी गाळात मिळालेल्या सायनोसॉरोप्टेरिक्स या लहान मांसाहारी डायनोसॉराच्या अंगावर पिसांसारखे तंतू असल्याचे १९९६ मध्ये दिसून आले आणि २०१० मध्ये त्या तंतूंतील रंजककणांच्या आकारावरून त्याच्या शेपटीवर तांबूस पट्टे असल्याचा निष्कर्ष निघाला. बारापासॉरस वा इसिसॉरस यांच्या हाडांबरोबर त्वचेचा ठसा मिळालेला नाही. त्यांना देण्यात येणारा राखी वा तपकिरी रंग हत्ती व गेंडा यांच्या सवयीच्या रूपावरून आलेला आहे, एवढेच म्हणता येते.

आहाराविषयी मात्र पिसदुऱ्याने अनपेक्षित माहिती दिली. तेथे विष्ठाश्म (शिळारूप झालेली विष्ठा) विपुल मिळतात, सी. ए. मॅटली यांनी १९३९ मध्ये त्यांचे वर्णन केले होते. वंदना प्रसाद, कॅरोलिन स्ट्रॉमबर्ग, हबीब अलीमोहम्मदियन व अशोक साहनी यांनी २००५ मध्ये त्यांत गवताच्या पेशींतील सिलिकेचे सूक्ष्म कण दाखविले. गवते डायनोसॉरांच्या काळी नव्हती, हा तोवरचा समज त्यामुळे बदलला. ही विष्ठा टायटॅनोसॉरांची असावी हे अनुमान त्याच थरांत त्यांची हाडे विपुल मिळतात यावर आधारलेले आहे.

चुकीच्या पुनर्रचना : जबलपूरच्या बडा सिमला टेकडीवरील लॅमेटा खडकांतून मिळालेल्या त्रिक, पायाचे हाड व त्वचेतील हाडांच्या चकत्या यांवरून मॅटली यांनी १९२३ च्या सुमारास लॅमेटासॉरस हा कवचधारी डायनोसॉर वर्णिला. पुढे त्रिक व पाय मांसाहारी डायनोसॉराचे असल्याचे दिसून आले. चकत्या दुसऱ्याच प्राण्याच्या असाव्यात. एका थरात जवळजवळ पडलेली हाडे एकाच शरीराची मानल्याने हा प्राणी तयार झाला होता. १९८० मध्ये अर्जेंटिनातील सॉल्टासॉरस या टायटॅनोसॉराच्या त्वचेत अशाच चकत्या असल्याचे सिद्ध झाले आणि २००९ मध्ये भारतातील लॅमेटा खडकांतूनही टायटॅनोसॉराची त्वचास्थी वर्णिली गेली. त्यामुळे कवच असलेला प्राणी तेथे होता, पण तो मॅटलींनी रेखाटलेला नव्हे, असे आता दिसते.

याउलट उदाहरण गुजरातमधील राहिओली येथील राजासॉरसाचे आहे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने १९८०–९० या दशकात तेथे खोदकाम करताना प्रत्येक हाड कोठे व कसे पडले होते याचा नकाशा काढून ठेवला होता. सु. वीस वर्षांनी त्या नकाशावरूनच विखुरलेली हाडे एका प्राण्याची म्हणून एकत्र करता आली व २००३ मध्ये राजासॉरस नर्मदेन्सिस ही जाती स्थापन झाली. कवटीचा मागील भाग व त्यावरील एकच ठेंगणे शिंग प्रत्यक्ष मिळाले आहे. तोंडाचा पुढील भाग मादागास्करमधील मजुंगासॉरसासारख्या नातलगावरून पुरा केला जातो.

पिसदुऱ्याची हाडे व विष्ठाश्म नांगरलेल्या शेतांत पृष्ठावर पडलेले मिळतात. नांगराने त्यांची मूळ जागा हलविलेली असते आणि उचलून नेणाऱ्याने ती नोंदविली नाही, तर शेजारचे हाड त्याच प्राण्याचे होते की नाही हे कायमचे अज्ञात राहते. रिचर्ड लायडेकर यांनी १८७९ मध्ये पिसदुऱ्याच्या शेपटीच्या मणक्यांवरून टायटॅनोसॉरस ब्लॅनफोर्डी ही जाती केली होती. त्या मणक्यांत इतरांपासून वेगळे ठरविण्याजोगे लक्षण नसल्याने २००३ पासून ती ग्राह्य मानली जात नाही. मणके खरे आहेत, स्थळ माहीत आहे. पण त्यांवरून कोणत्याही एका प्राण्याचे चित्र काढता येत नाही.