बिब्बा उततो म्हणजे नेमकं काय होतं?

टाचेत काटा मोडला की बिब्ब्याचा चटका देणारी आजी विदर्भात बऱ्याच घरांत असते. माझ्याही होती. एकदा चटक्यानंतर दोन दिवसांनी माझी पोटरी लाल झाली, पाण्याचे फोड आले, खाजेनं झोप उडाली. "बिब्बा उतला," आजी म्हणाली आणि खोबरेल लावलं.

'उतणं' हा शब्द मला आता फार नेमका वाटतो. चटका टाचेला, पुरळ पोटरीवर!

बिब्बा हा आंबा-काजूच्या कुळातला. त्याच्या तेलातली भिलावनॉल ही द्रव्यं त्वचेत शिरतात, त्यांचं ऑक्सिडेशन होतं आणि ती आपल्याच प्रथिनांना चिकटतात. एकटा असताना दुर्लक्षित राहणारा, प्रथिनाला चिकटल्यावर मात्र प्रतिकारशक्तीला परका वाटणारा असा छोटा रेणू म्हणजे हॅप्टेन. त्वचेतल्या पेशी ही जोडी लसिकाग्रंथीत नेऊन टी-पेशींना दाखवतात. तोवर बाहेर काहीच दिसत नाही. पुढच्या संपर्कात मात्र एक-दोन दिवसांत पुरळ उठतं.

मग काहींना पहिल्याच वेळी फोड का येतात? कारण हे तेल भाजतंसुद्धा. भाजलेलं लागल्या जागीच राहतं आणि आग जास्त होते; ॲलर्जी पसरते आणि खाजते. एकाच रुग्णात दोन्ही असू शकतात, केस लिहिताना इथेच गोची होते.

1943 मध्ये अमेरिकन लष्करी डॉक्टरांनी 'जामा'त भारतातल्या सैनिकांचं असं पुरळ नोंदवलं. कारण निघालं कपड्यांवरच्या धोब्याच्या खुणा, बिब्ब्याच्या रसानं केलेल्या. (जांघेतल्या गजकर्णाला 'धोबी इच' म्हणतात, ते वेगळं.) हा फरक महत्त्वाचा आहे: बिब्ब्याच्या पुरळावर स्टेरॉइड मलम चालतं, गजकर्णावर तेच लावलं तर बुरशी फोफावते. शंका असेल तर आधी त्वचा खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघायची. पुरळ फार पसरलं तर डॉक्टर पोटातून स्टेरॉइड देतात, दोन-तीन आठवडे, हळूहळू कमी करत. चार दिवसांत बरं वाटलं म्हणून गोळ्या सोडल्या की ते पुन्हा उसळतं.

यावर अभ्यास करायचा असेल तर पॅच टेस्ट आलीच. पट्टी 48 तासांनी काढायची, पण निकाल 96 तासांनी पुन्हा वाचायचा. कच्चं तेल मात्र लावू नका. ज्याला ॲलर्जी नव्हती, त्याला तुमच्या चाचणीनंच ती जडू शकते. संमतीपत्रात हे साध्या मराठीत लिहा, कारण तुमच्यासमोर बसलेली बाई कदाचित बिब्बे फोडून गोडंबी काढणारी असेल, आणि दुसऱ्या दिवशी तिला त्याच हातांनी कामावर जायचं असेल.