पोल कोणाच्या वजनाचा?

क्रांती चौकातील छत्रपती शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा आपण रोज येता-जाता पाहतो. चबुतरा सोडला तर नुसत्या पुतळ्याची उंची सुमारे २१ फूट, म्हणजे साधारण ६.४ मीटर आहे. उंचीचा अंदाज यावा म्हणून हे सांगितले. स्वीडनच्या आर्मांड डुप्लांटिसने सप्टेंबर २०२५ मध्ये टोकियोच्या जागतिक स्पर्धेत पोल व्हॉल्टमध्ये ६.३० मीटर उंची ओलांडली, ती जवळपास तेवढीच. आपल्याकडे मध्य प्रदेशच्या देव मीनाने एप्रिल २०२५ मध्ये कोचीत ५.३५ मीटर उडी मारून तेव्हाचा राष्ट्रीय विक्रम केला. दुमजली घराच्या गच्चीजवळ पोहोचणारी ही उंची आहे आणि तिथून खाली यायचे ते पाठीवर.

हा खेळ आमच्या पिढीला शाळेत ‘बांबू उडी’ या नावाने माहीत होता, कारण पोल खरोखरच बांबूचा असे. अमेरिकेच्या कॉर्नेलियस वॉर्मरडॅमने १९४० मध्ये १५ फुटांची उंची प्रथम ओलांडली, ती बांबूच्याच पोलवर. साठच्या दशकात फायबरग्लासचा लवचीक पोल आला आणि खेळाचे गणित बदलले. बांबू फारसा वाकत नाही. फायबरचा पोल धनुष्यासारखा वाकतो, धावण्यातली ऊर्जा साठवतो आणि सरळ होताना ती खेळाडूला परत देतो. मात्र तो स्वतःकडची काहीच ऊर्जा घालत नाही. हिशेब साधा आहे. सेकंदाला ९ मीटर वेगाने धावणाऱ्याची सगळी ऊर्जा उंचीत बदलली, तर त्याच्या शरीराचा गुरुत्वमध्य सुमारे ४.१ मीटर वर चढेल. तो मुळातच जमिनीपासून मीटरभर उंच असतो. म्हणजे झाले साधारण ५.१ मीटर. त्यापुढचे हाता-पोटाच्या जोरावर आणि दांडीवरून अंग वळवण्याच्या कसबावर. शाळकरी मुलगा सेकंदाला ७ मीटरने धावत असेल तर हाच हिशेब सुमारे ३.५ मीटरवर थांबतो. मग त्याच्या हातात कितीही महागडा पोल द्या. ‘मोठा पोल आणला की उडी वाढेल’ ही समजूत इथेच खोटी ठरते, आणि बरेचसे अपघातही इथेच सुरू होतात.

काही काळापूर्वी बाह्यरुग्ण विभागात एक वडील चौदा वर्षांच्या मुलाला घेऊन आले. घोटा सुजलेला, कोपर खरचटलेले. पोल उभा झालाच नाही आणि पोरगं उलटे धावपट्टीवर आदळले, असे त्यांनी सांगितले. पोल कितीचा होता, असे मी विचारले. ‘दीडशे लिहिलंय त्याच्यावर, डॉक्टरसाहेब. लांबी असंल.’ ती लांबी नव्हती, पौंडातले वजन होते. १५० पौंड म्हणजे ६८ किलो आणि मुलाचे वजन ५२ किलो. सोळा किलो जास्त वजनाच्या खेळाडूसाठी बनवलेला पोल त्याच्या हातात होता. तो वाकणार कसा? घोट्यात हाड मोडलेले नव्हते, नुसता मुरगळला होता. पण घोट्याच्या जागी मान असती, तर त्या दिवशीचे आमचे बोलणे वेगळे झाले असते.

पोलवर काय लिहिलेले असते ते पालकांनी आणि शाळेतल्या क्रीडाशिक्षकांनी एकदा समजून घ्यावे. प्रत्येक पोलवर लांबी आणि वजनाचा आकडा असतो. बहुतेक पोल परदेशी मापांत बनतात, त्यामुळे लांबी अनेकदा फुटांत आणि वजन पौंडांत असते. किलोला २.२ ने गुणले की पौंड मिळतात. ५८ किलोची मुलगी म्हणजे १२८ पौंड, तर तिच्यासाठी १३० चा पोल. नियम असा की पोलवरचा आकडा खेळाडूच्या वजनाएवढा किंवा त्याहून थोडा जास्त असावा, कमी नको. अमेरिकेतील शालेय स्पर्धांत हा नियम सक्तीचा आहे. वजनापेक्षा हलका पोल घेतला तर त्याला तिथे उडीच मारू देत नाहीत. आंतरराष्ट्रीय स्पर्धांत अशी सक्ती नाही, कारण तिथले खेळाडू आणि प्रशिक्षक आपापले पोल ओळखून असतात. आपल्या शाळा-कॉलेजांनी अनुकरण करायचे तर शालेय नियमाचे करावे, असे माझे मत आहे.

दुसरा आकडा ‘फ्लेक्स’चा असतो आणि तो हमखास फसवतो. पोल दोन टोकांवर आडवा ठेवून मध्यभागी ५० पौंडांचे वजन टांगतात आणि तो किती सेंटिमीटर झुकला ते मोजतात. म्हणून फ्लेक्सचा आकडा मोठा असेल तर पोल मऊ आणि लहान असेल तर कडक. वजनाच्या आकड्याचे नेमके उलटे. शिवाय ही तुलना एकाच कंपनीच्या, एकाच लांबीच्या पोलमध्येच करता येते.

पोल फार कडक असला तर तो उभा राहत नाही आणि खेळाडूला मागे फेकतो, धावपट्टीवर किंवा पोल रोवायच्या बॉक्समध्ये. फार मऊ असला तर गरजेपेक्षा जास्त वाकतो. मग तो मोडू शकतो, किंवा खेळाडू इतक्या वेगाने पुढे जातो की गादीच्या पलीकडे पडतो. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये क्यूबाच्या लाझारो बोर्हेसचा पोल उडीच्या मध्येच मोडून त्याचे तुकडे झाले होते. तो गादीवर पडला म्हणून वाचला.

पकड हा यातला तिसरा घटक. पोलवरचे वजन साधारणपणे वरच्या टोकापासून १५ सेंटिमीटरच्या आत हात ठेवला तरच खरे असते. हात खाली धरला की तोच पोल कडक वागतो, आणि कमाल खुणेच्या वर धरणे तर निषिद्धच. नवशिक्याला वाटते, हात चार बोटे वर सरकवला तर काय बिघडले? पण पोल उभा करायला लागणारा जोर लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. पकड ३.६० मीटरवरून ३.७५ वर नेली तर लांबी चार टक्के वाढते आणि कष्ट साडेआठ टक्के. तेवढा वेग पायांत नसेल तर पोल अर्ध्यावर थांबतो. म्हणून सुरुवात आखूड पोलने, न वाकवता, लांब उडीच्या वाळूत, दोन-चार पावलांच्या धावेने करतात. महिनोन्‌महिने तेच. मुले कंटाळतात, पण ज्यांनी मल्लखांबावर हात-पोट तयार केले आहे त्यांना हा काळ सोपा जातो, कारण उलटे लटकून स्वतःचे अंग ओळखायला ती मुले आधीच शिकलेली असतात.

डॉक्टर म्हणून मला सर्वात महत्त्वाची वाटते ती वजनाची वही. तेरा ते सोळा या वयात मुले वर्षभरात सहा-आठ किलो सहज वाढतात. गेल्या दिवाळीत बरोबर असलेला पोल या दिवाळीत हलका झालेला असतो आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. दर महिन्याला वजन करून नोंद ठेवावी. याची दुसरी बाजू अधिक त्रासदायक आहे. नवीन पोल महाग असतो, शाळेकडे एकच असतो, आणि मग पोलच्या मापात बसण्यासाठी मुलगा जेवण तोडतो किंवा स्पर्धेच्या आदल्या दिवशी पाणी कमी पितो. मराठवाड्याच्या उन्हात हा प्रकार धोक्याचा आहे. पाणी कमी झालेल्या शरीराचा तोल आणि प्रतिक्रियेचा वेग दोन्ही घटतात, आणि या खेळात त्या दोहोंवरच मान अवलंबून असते. वाढत्या वयातल्या मुलींनी असे केले तर मासिक पाळी बिघडते आणि हाडे कमकुवत होतात. अंग पोलच्या मापाचे करण्याचा हा उद्योग पालकांनी घरातच थांबवावा.

पोल महाग असतात आणि ने-आण करणे तर त्याहून कठीण. जानेवारी २०२६ मध्ये देव मीना आणि त्याचा सहकारी कुलदीप हे मंगळूरच्या आंतरविद्यापीठ स्पर्धेहून परतत असताना पनवेल स्थानकावर पोलमुळे त्यांना गाडीतून उतरवण्यात आले. काही तास ताटकळावे लागले, दंडही भरावा लागला. हे वाचून अनेकांना गंमत वाटली असेल. पण पोल नेता येत नाही म्हणून खेळाडू रिकाम्या हाताने गेला, तर तिथे तो दुसऱ्याचा पोल मागतो, आणि आपण आतापर्यंत जे बोललो ते सगळे धोके उभे राहतात. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये ब्राझीलच्या फाबियाना मुरेरचा एक पोल ऐन अंतिम फेरीत सापडेना. तिची स्पर्धा तिथेच विस्कटली. त्या पातळीवरसुद्धा एका पोलच्या जागी दुसरा चालत नाही.

प्रवासानंतर पोल तपासायलाच हवा. वरून खालपर्यंत हळू हात फिरवायचा. खिळ्यांच्या बुटाचा ओरखडा, सिमेंटवर घासल्याची खूण, टपावर दोरी आवळल्याचा वळ यांपैकी काहीही नखाला लागले तर तो पोल बाजूला ठेवायचा. फायबरला पडलेला बारीक चरा वाकताना फाटत जातो. तुटलेल्या पोलला पट्टी गुंडाळून वापरणे हा जुगाड इथे चालत नाही. मांडवाचा बांबूही नको. तो उभा चिरतो आणि त्याच्या चिपा तळहातात, क्वचित पोटात घुसतात.

आता पडण्याविषयी. ४ मीटरवरून खाली येणारे शरीर जमिनीला टेकताना ताशी सुमारे ३२ किलोमीटर वेगात असते. जाड गादीने हा वेग अर्ध्या मीटरच्या अंतरात जिरवला तर शरीराला सरासरी गुरुत्वाकर्षणाच्या आठपट मंदन सोसावे लागते. ते सोसते. हेच सिमेंटवर दोन सेंटिमीटरमध्ये झाले तर दोनशेपट. कवटी आणि मानेचे मणके यांना ते झेपत नाही.

अमेरिकेत १९८२ ते १९९८ या काळातील पोल व्हॉल्टच्या अतिगंभीर दुखापतींचा अभ्यास झाला होता. ३२ खेळाडू, सरासरी वय साडेसतरा, त्यांपैकी १६ जणांचा मृत्यू. यातले १७ जण गादीच्या कडेवर पडले होते. अंग गादीवर आणि डोके बाहेरच्या कठीण जमिनीवर. आठ जण मागे, बॉक्समध्ये पडले. पाच जण गादी पूर्णच चुकले. हा अभ्यास वाचला तेव्हा मला सर्वात बोलकी वाटली ती गादीच्या कडेची गोष्ट. तिथे कौशल्य कमी पडले असे नाही, गादी कमी पडली. २००३ पासून तिथे गाद्या मोठ्या करण्यात आल्या आणि मृत्यू घटले. नंतरच्या २००३ ते २०११ च्या पाहणीत निम्म्याहून अधिक दुखापती बॉक्समध्ये किंवा त्याच्या आसपास झालेल्या दिसल्या. मग बॉक्सभोवती मऊ गळपट्टी बसवणे आले.

मोठ्या स्पर्धांसाठी गादी किमान ६ मीटर रुंद, ६ मीटर लांब आणि ८० सेंटिमीटर जाड लागते. शिवाय बॉक्सच्या दोन्ही बाजूंना पुढचे भाग वेगळे. उंच उडीची गादी इथे आणून टाकणे, दोन गाद्या जोडून मध्ये फट ठेवणे, गादीभोवती फरशी किंवा दांडीच्या खांबांचे उघडे लोखंडी पाय असणे, यांपैकी एक जरी दिसले तर मुलाला त्या दिवशी उडी मारू देऊ नये. आडवी दांडी बॉक्सच्या मागच्या भिंतीपासून किमान ४५ सेंटिमीटर मागे ठेवावी. दांडी जवळ घेतली की उंची सोपी वाटते, पण खेळाडू बॉक्सवरच खाली येतो. हेल्मेट घालायला हरकत नाही. मात्र हेल्मेट मान वाचवत नाही, हे घालणाऱ्याला माहीत असावे.

ऑस्ट्रियाची किरा ग्रुनबर्ग ही त्या देशाची विक्रमवीर, ४.४५ मीटर उडी मारणारी. जुलै २०१५ मध्ये इन्सब्रुकला सरावातल्या एका उडीत ती मानेवर पडली आणि चारही अंगांना पक्षाघात झाला. पुढे ती तिथल्या संसदेत निवडून गेली, पण तो नंतरचा भाग. नवशिकेच पडतात असे नाही, एवढ्यासाठी तिचे नाव घेतले.

या टोकाच्या दुखापती दुर्मीळ आहेत. रोज दिसतात त्या मांडीच्या मागचा स्नायू ताणणे, घोटा मुरगळणे, खांदा आणि कंबर दुखणे. यात कंबरेकडे दुर्लक्ष होते. पोल रोवताना पाठ मागे झटका देऊन वाकते आणि हे शेकडो वेळा घडल्यावर मणक्याच्या मागच्या कमानीला बारीक तडा जातो. मागे वाकल्यावर कंबरेत एका बाजूला दुखत असेल आणि दोन-तीन आठवड्यांत थांबत नसेल, तर बाम चोळत बसू नका. साध्या एक्स-रेमध्ये हा तडा सुटू शकतो, एमआरआय लागतो. वेळेत विश्रांती दिली तर बहुतेक मुले काही महिन्यांत मैदानावर परततात.

आणि कोणी मानेवर किंवा पाठीवर पडलेच, तर मैदानावरच्या मंडळींची पहिली धाव त्याला उचलून बसवण्याची असते. पाणी पाजणे, मान चोळणे, ‘हात हलव, पाय हलव’ म्हणत ओढणे हेही ओघाने येते. यातले काहीही करू नका. श्वासाच्या पडद्याला चालवणाऱ्या नसा मानेतल्या मज्जारज्जूच्या तिसऱ्या ते पाचव्या भागातून निघतात. मोडलेला मणका तिथे सरकला तर श्वासच थांबतो. एकाने डोक्याशी गुडघे टेकून डोके दोन्ही हातांनी आहे त्या स्थितीत स्थिर धरावे. दुसऱ्याने १०८ ला फोन करून ‘मानेला मार आहे, सपाट फळी आणि मानेचा पट्टा आणा’ असे स्पष्ट सांगावे. श्वास चालू आहे का, हे छातीकडे पाहत राहावे. उलटी होऊ लागली तर तीन-चार जणांनी मिळून डोके, खांदे आणि कंबर एका रेषेत ठेवून त्याला ओंडक्यासारखे कुशीवर वळवावे. हातापायांना मुंग्या येतात का, बधिरपणा आहे का, हे फक्त विचारावे आणि तो काय म्हणाला ते वेळेसह कागदावर लिहून रुग्णवाहिकेतल्या डॉक्टरांच्या हाती द्यावे.